दिनानाथभाऊ आग लागली म्हणतात

आमच्या बिल्डिंगला आजवर कधीही आग लागलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही धूर, बंब, शिडी वगैरेची वाट बघत बसाल. तसलं काही नाही. डोकं तेवढं पेटलं माझं, आणि तेही नगरपालिकेच्या एका नोटिशीमुळे.

नोटीस गेटला चिकटवलेली होती. आमच्या शिंपला सोसायटीत गेटवर चिकटवलेलं काहीही कुणी वाचत नाही. 'उद्या पाणी येणार नाही' हे वाचतात, पण पाणी गेल्यावर. तर ती बिचारी बरेच दिवस खारा वारा खात तिथे लटकली आणि शेवटी सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात आली. मी सेक्रेटरी कशी झाले ते विचारू नका. मीटिंगला उशिरा गेले होते, एवढं पुरे.

नोटिशीत म्हटलं होतं की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू असल्याचं सहामाही प्रमाणपत्र आम्ही दिलेलं नाही. ते द्यावं. शिवाय अधिकाऱ्यांसमोर आग लागल्याचा सराव करून दाखवावा, भोंगा वाजल्यावर सगळे रहिवासी खाली यावेत, नाहीतर पाण्याचं कनेक्शन तोडू. तेव्हा तरी मला राग नाही आला. उलट बरंच वाटलं. अलिबागच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंय मी. 'नागरिकांची कर्तव्ये' हा धडा मला झोपेतसुद्धा येतो, आणि वर्गाला तर तो झोपेतच यायचा. म्हटलं, चला, एकदा तरी प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे.

आता आमची यंत्रणा. प्रत्येक मजल्यावर जिन्यासमोर छताला पांढऱ्या वाटीसारखं एक यंत्र आहे. त्याला धुराचा वास आला की खालचा भोंगा बोंबलतो आणि मग सगळ्या मजल्यांवरचे स्पीकर बोलतात. कल्पना छान आहे. पण ज्याने काढली त्याने सुके बोंबील भाजलेले कधी पाहिले नसावेत. पावसाळ्यात कुणीतरी तव्यावर बोंबील टाकायचं आणि अख्खी बिल्डिंग चपला शोधत सुटायची. शेवटी आमचे तेव्हाचे सेक्रेटरी दिनानाथभाऊ एका रविवारी जेवता जेवता उठले, उष्ट्या हाताने खालचं बटण बंद करून आले, आणि सोसायटीत पुन्हा शांततेने मासळी शिजू लागली. पुढे वर्षभराने दिनानाथभाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बटण मात्र तसंच बंद राहिलं.

मी प्रज्योत नावाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पेटी उघडली, आतली पाल हाकलली, वायरी घासल्या आणि म्हणाला, "मॅडम, चालू करून बघू?" भर दुपारचे बारा वाजत होते. ऊन असं की अंगणातली सावलीसुद्धा पायाखाली दडलेली. मी म्हटलं, कर.

भोंगा वाजला. थांबला. स्पीकर खरखरला. मग आतून कुणीतरी मोठ्ठा श्वास घेतला.

"उठाऽऽ! आग लागलीय! लिफ्टला हात लावू नका, जिन्यान खाली या! कल्पिता, मोबाईल ठेव नि निघ! नुरुद्दीनभाय, कुलूप मागाहून लावा! मॅडम, शिकवनी बस झाली, खाली या! मैना, ग्यास बंद कर गो, चल!"

दिनानाथभाऊ बोलत होते.

मग हळूहळू आठवलं. यंत्रणा बसवली तेव्हा तिच्यात एक बाई इंग्रजीत गोड गोड बोलायची. भाऊ म्हणाले होते, "ही बाय कोन? हिच्या सांगन्यावर आपली मानसा उठतील?" आणि त्यांनी स्वतःचा आवाज भरून घेतला होता. मिठागरावरचं आगरी घर त्यांचं, नंतर ट्रकचा धंदा केला, पण आवाज मिठागरावरचाच राहिला. कुणाकडे काम असलं तर भाऊ बेल वाजवायचे नाहीत. खाली उभे राहून नावाने हाक मारायचे, आणि चौथ्या मजल्यावरचं माणूस ओ देत बाहेर यायचं. हे सगळे विसरले होते. मीसुद्धा. गेलेल्या माणसाचं रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं असतं एवढं लक्षात राहतं. आवाज कुठे भरलेला राहिलाय ते कोण बघतं?

हाका संपल्या. एकही दार उघडलं नाही. उलट पहिल्या मजल्यावर कडी लागल्याचा आवाज आला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. खालून वरपर्यंत कड्या लागत गेल्या आणि मग अशी शांतता झाली की मला समोरच्या वाडीतला रहाट ऐकू यायला लागला.

मग जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश. सगळ्यात वरच्या मजल्यावरून मैनावहिनी उतरत होत्या, भाऊंची बायको. पदर नीट घेतलेला, केस विंचरलेले. खाली येऊन त्या स्पीकरखाली उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि मला म्हणाल्या, "आवाज बसलाय त्याचा. खारी हवा बाधली."

मी वर गेले तर आमचं दार आतून बंद. आमचे हे आत होते. मी बाहेर आहे हे पक्कं माहीत असताना! बराच वेळ दार वाजवलं तेव्हा आतून प्रश्न आला, "तू तूच आहेस ना?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायचं होतं.

संध्याकाळी अंगणात मीटिंग भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या कल्पिताने तोवर स्पीकरला लिंबू-मिरची बांधलीसुद्धा होती. ती म्हणाली, "काकू, गेलेल्या माणसाने हाक मारली तर ओ द्यायची नसते आणि दाराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. माझ्या आजीने मला पाळण्यात असल्यापासून सांगितलंय."

"अगं पण खरोखर आग लागली तर?"

"तर जिवंत माणसं ओरडतीलच की! भाऊ कशाला ओरडतील? त्यांना आता आगीचं काय?"

मी मोठ्या आशेने नुरुद्दीनभाईंकडे बघितलं. नुरुद्दीनभाई म्हणजे पोक्त माणूस, बाजारात दुकान, बोलणं मोजकं. ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बाई, दिनानाथ माझा दोस्त होता, अल्ला त्याला आराम देवो. पण मय्यतीच्या हाकेला आमच्यात पण ओ देत नाहीत. यात तुमचं-आमचं काय वेगळं नाही." सोसायटीत आजवर पार्किंग, टाकी, कचरा, कशावरही एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी झालं. आमचे हे घसा साफ करून म्हणाले, "शास्त्रीय दृष्टीने बघितलं तर..." आणि माझ्याकडे बघून गप्प बसले. बरं केलं.

कुणी म्हणालं रेवसचा भगत बोलवा. चौकशी केली तर भगत मुंबईला, भाऊच्या धक्क्यावर कामाला लागलेला. रजा मिळाली तर बोटीने येईन म्हणाला.

आणि इथून पुढे खरा छळ सुरू झाला. यंत्रणा आता चालूच ठेवायची होती, तपासणी कधीही येणार होती. तर दर एक-दोन दिवसांआड, आणि तेही नेमक्या भर दुपारी, भोंगा आपोआप वाजायला लागला. भोंगा, खरखर, श्वास, आणि भाऊ. प्रज्योतने दोनदा येऊन पेटी तपासली, काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाला, "मॅडम, दुपारची वेळ सोडून सांगा." बारा वाजत आले की बिल्डिंग दारं लावून बसायची. मासळीवाली नीराबाई वर यायची बंद झाली. गेटाबाहेर टोपली ठेवून म्हणायची, "तुमच्यात मेलेली मानसा नाव घेऊन बोलवतात, मी न्हाय बा आत येत." म्हणजे सुरमई घ्यायला मी उन्हात उतरायचं. आणि प्रत्येक वेळी, हाका संपल्या की जिन्यावर त्या एकट्या चपला वाजायच्या.

भीती वाटायची का? वाटायची. खोटं कशाला बोलू? हाकांची नाही तेवढी त्या श्वासाची वाटायची. प्रत्येक नावाआधी भाऊ श्वास घ्यायचे, आणि तो घेतला की वाटायचं, आता कुणाचं नाव? 'मॅडम, शिकवनी बस झाली' आलं की मी स्वयंपाकघरात ओट्याला घट्ट धरून उभी राहायची. तोंडातून 'आले' निघू नये म्हणून जीभ चावायची.

अशात एके सकाळी अग्निशमन अधिकारी आले. तरतरीत माणूस, इस्त्रीचा गणवेश. त्यांनी पाण्याच्या पाइपाची पेटी उघडायला लावली. आत पाइप होता, आणि पाइपाच्या वेटोळ्यात माझी गेल्या गणपतीत हरवलेली मोदकपात्राची चाळणी होती. मी ती पदराखाली घेतली. वाळूच्या लाल बादल्यांमध्ये कुणीतरी अळू लावलं होतं. साहेब पान उलटून बघत म्हणाले, "चांगलं पोसलंय." शाळा तपासणीच्या दिवशी वर्गाने माझी एवढी अब्रू घालवली नव्हती.

"आता सराव," साहेब म्हणाले. मी आदल्या दिवशी दारोदार जाऊन पाया पडल्यासारखी विनवणी केली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

भोंगा वाजला. खरखर. श्वास. भाऊंच्या हाका सुरू झाल्या, आणि कड्या लागायला लागल्या, एकामागून एक, खालून वर. साहेब घड्याळ हातात धरून जिन्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने मैनावहिनी एकट्या उतरल्या आणि स्पीकरखाली उभ्या राहिल्या.

"बाकीचे?" साहेबांनी विचारलं.

"आत आहेत."

"आग लागली असं सांगितल्यावर तुमचे लोक आतून कडी लावतात?"

साहेबांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. "हे कोण बोलतात?"

"आमचे आधीचे सेक्रेटरी."

"मग त्यांना बोलवा. मी त्यांच्याशीच बोलतो."

"ते वारलेत, साहेब."

साहेब कोकणातलेच. त्यांनी एक पाऊल बाजूला घेतलं, स्पीकरच्या खालून निघाले आणि उन्हात जाऊन उभे राहिले. त्यांच्या ड्रायव्हरने तोवर गाडी चालू केली होती. गाडीत बसूनच साहेबांनी काच थोडी खाली केली. "आवाज बदला. मी पुन्हा येतो. सगळे माझ्यासमोर खाली आले पाहिजेत, नाहीतर मला पाणी तोडावं लागेल. आणि बाई," त्यांनी आवाज उतरवला, "मी बारा वाजता येणार नाही."

दुपारी मेहेरुन्निसाभाभी आल्या, नुरुद्दीनभाईंची बायको. चेहरा पांढराफटक. कडेवर नात होती, इन्शा, नुकती पावलं टाकायला लागलेली.

"बाई, आज ते काय बोलले ऐकलंत ना तुम्ही?"

"रोजचंच की."

"नाही. 'नुरुद्दीनभाय, इन्शाला आधी घ्या, कुलूप मागाहून लावा' म्हणाले."

मी ऐकलं होतं. खरंच ऐकलं होतं, आणि त्यात मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. भाऊ असते तर तेच म्हणाले असते.

"बाई, दिनानाथभाई गेले तेव्हा ही कुठे होती?"

इन्शा भाऊंच्या वर्षश्राद्धानंतर जन्मली होती. पहिल्या दिवशी तिचं नाव होतं का? मी आठवून आठवून थकले. यांना विचारलं, कल्पिताला विचारलं. प्रज्योतला फोन केला तर तो म्हणाला की त्याने आवाजाला हात लावलेला नाही, आणि लावणारही नाही. सगळ्यांनी कडी लावून, कानांवर हात ठेवून ऐकलेलं. कुणाला सांगता येईना. मी स्वतःला समजावलं की भाऊंच्या ओळखीत दुसरी कुणी इन्शा असेल. पण ते माझं मलाच पटेना.

"आवाज काढा," भाभी म्हणाल्या. "नाहीतर मी पोरीला घेऊन मुरुडला माहेरी जाते. मेलेल्या माणसाच्या तोंडात माझ्या पोरीचं नाव नको." त्या रडायला लागल्या आणि मी कधी नव्हे ती त्यांना जवळ घेतलं.

काढायचा हे ठरलंच. पण मैनावहिनींना सांगायचं कुणी? अर्थात सेक्रेटरीने. दुसऱ्या दिवशी मी जिना चढले. लिफ्टने जायचा धीर होत नव्हता. बारा वाजत आले होते. शेवटच्या वळणावर वास आला, आणि वर बघते तर काय! छताच्या त्या पांढऱ्या वाटीखाली स्टुलावर मैनावहिनी उभ्या. हातात सांडशीत धरलेला तापलेला तवा, तव्यावर सुके बोंबील, धूर सरळ यंत्रात.

"वहिनी! तुम्ही?"

त्या दचकल्या नाहीत. "बसा. आता बोलंल."

भोंगा वाजला. हाका सुरू झाल्या. मी पायरीवर बसून राहिले. त्या तव्याकडे बघत ऐकत होत्या, जसं आपण घरात वावरताना दुसऱ्या खोलीतल्या माणसाचं ऐकतो. "मैना, ग्यास बंद कर गो, चल!"

"व्हय व्हय, आले," वहिनी म्हणाल्या.

ओ दिली! "वहिनी, ओ देऊ नये म्हणतात."

"सगला जल्म ओ दिली. आता गप बसू? त्याला वाटंल रुसली." त्या स्टुलावरून उतरल्या. "फोटो हाय त्याचा. कपडे हायेत. आवाज दुसरीकडं कुठं न्हाय, मॅडम. फोनवर कंदी बोललाच न्हाय. येवडा वरडायचा, त्याला फोन कशाला लागतोय?"

मी सगळं सांगितलं. साहेब, पाणी, भाभी, इन्शा. इन्शाचं नाव निघालं तेव्हा त्या हसल्या. "नवी मानसा आली की तो पयला नाव इचारायचा," एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ तवा खरवडत बसल्या. "पानी तोडला तर पोरीचा कसा व्हयाचा? काढा तुमी."

मी उठून स्टूल भिंतीला लावलं.

"कोनाचा आवाज घालाल?"

"माझाच."

त्यांनी माझ्याकडे अशी दया करून बघितलं की मला दुसऱ्या वेळी राग आला असता. "मग नावा घ्या सगल्यांची. नुसता 'सर्व रहिवासी' बोललाव तर कोन उठनार न्हाय. आनी मॅडम, माझा नाव तुमी नका घेऊ. ती जागा तेवडी मोकली ठेवा."

जिन्यात खाली येताना मी रडले. आमच्या यांनी दार उघडून "काय झालं?" विचारलं, तर त्यांनाच ओरडले.

प्रज्योतच्या दुकानात मी आवाज भरला. एकेका नावानंतर थांबले, गॅस बंद करायला सांगितलं, आणि शेवटी काही न बोलता थोडा वेळ जाऊ दिला. प्रज्योत म्हणाला, "मॅडम, मागे रिकामी जागा राहिलीय, कापू?" मी म्हटलं, हात लावू नकोस. त्याने पेटीतली भाऊंच्या आवाजाची जुनी पट्टी काढून नवी बसवली. जुनी मी मैनावहिनींना द्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "वायरी घेऊन काय करू?" ती प्रज्योत भंगारात घेऊन गेला.

साहेब सकाळी आले. भोंगा वाजला, आणि अख्ख्या बिल्डिंगीत माझा आवाज घुमला. प्रार्थनेच्या रांगा लावतानाचा आवाज तो, मला स्वतःलाच सरळ उभं राहावंसं वाटलं. आणि दारं उघडली! कल्पिता आली, येता येता म्हणाली, "काकू, तुमची जास्त भीती वाटली." नुरुद्दीनभाई कुलूप न लावता आले. भाभी इन्शाला घेऊन आल्या. आमचे हे सगळ्यांच्या आधी येऊन साहेबांना "मीच मिस्टर" म्हणून सांगून मोकळे झाले. अंगण भरलं. स्पीकरवर माझं गॅसचं वाक्य संपलं आणि ती रिकामी जागा आली.

सगळे वर बघत होते. काही नव्हतं. नुसती खरखर, आणि मग तीही थांबली. मी मनात म्हटलं, आता वर जाऊन त्यांना हाताला धरून आणावं लागणार, आणि त्या यायच्या नाहीत. साहेब यादीवर बोट ठेवून उभे होते. "सगळ्यात वरचा मजला?"

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश. मैनावहिनी उतरल्या. पदर नीट घेतलेला, केस विंचरलेले, हाताला ओट्याचं पाणी. त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आज हलू बोलला," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "साहेब हाय ना. लाजला."

भाभींनी इन्शाला छातीशी धरलं, पण आत पळाल्या नाहीत. साहेबांनी स्पीकरकडे बघितलं, मग वहिनींकडे, मग माझ्याकडे.

"यांचं नाव तर मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "यांना कुणी बोलावलं?"

मी नागरिकशास्त्राची शिक्षिका. सरकारी अधिकाऱ्याला खरं तेच सांगावं, हे मीच मुलांना शिकवलेलं.

"यंत्रणा चालू आहे, साहेब," मी म्हटलं. "लिहा."

साहेबांनी लिहिलं.